दोन खोल्यांची काँक्रीटची जमीन

काँक्रीटच्या गँगमध्ये चार वर्षं काढलेल्या माणसाच्या घरी सिमेंट साठत नाही, किस्से साठतात. मी भिलाईच्या प्लांटात मिक्सर चालवायचो. भट्ट्यांचे पाये आमच्याच गँगनं भरले. पण सगळ्यात जास्त किस्से दिले ते प्लांटाजवळच्या रिसाली वस्तीतल्या माझ्या दोन खोल्यांनी. अजून आठवलं की डोकं तापतं!

झालं असं, की पावसाळ्यात घराच्या मातीच्या जमिनीतून पाणी वर आलं. बायकोला, सुमनला, दिवस गेलेले. बाळंतपणाला भंडाऱ्याला माहेरी जाताना ती बजावून गेली, "जमीन कोरडी कराल तवाच लेकराले घेऊन येईन. नाही तं येतच नाही!"

मी मनात म्हटलं, दोन लहान खोल्या, तीन इंच काँक्रीट. लागून लागून किती लागेल? वेडा होतो मी.

*

शेंडेकाका आमचे फोरमन. ते जमीन बघायला आले आणि खिशातला खिळा काढून माती टोकरत बसले.

"गजानन, हे तं काळी माती आहे. पावसात फुगते, उन्हात फाटते. दीड फूट काढ अन् मुरूम भर."

"काका, मुरमाचा खर्च मी धरला नव्हता."

"मंग भेगांचा धर!"

*

मुरमाचा ट्रक आला आणि गल्लीच्या तोंडाशीच थांबला. गल्ली बैलगाडीपुरती. ड्रायव्हरनं सगळा ढीग रस्त्यावर ओतला आणि वर मलाच ऐकवलं, "घर तक का भाड़ा अलग!"

अलग भाडं दिल्यानं ट्रक काय बारीक होणार होता? शेवटी घमेल्यांनी मुरूम वाहायला दोन मजूर बाया लावल्या. ट्रकचं भाडं परवडलं, पण त्या शेवटच्या साठ पावलांनी माझा जीव घेतला.

*

वानखेडे गँगमध्ये सळया वाकवायचा. माझा जिवलग, म्हणून जास्त धोक्याचा.

"तीन इंच? काही लाज आहे का नाही? आपण भट्टीचा पाया भरला अन् तू घरी पापड लाटून राहिला!"

जाडी सहा इंच झाली. वर त्यानं सळयांची जाळी बांधायला घेतली.

"अरे, इथं पाळणा ठेवाचा आहे!" मी ओरडलो.

"पाळणा हलते ना? हलत्या वजनाले सळई पायजेच!"

*

एका रविवारी शेंडेकाका आमच्या रशियन इंजिनिअरला चहाला घेऊन आले. सोबत दुभाषा. साहेबांनी खड्डा पाहिला, मुरूम पाहिला, सळया मोजल्या. मग फार गंभीरपणे काहीतरी विचारलं.

दुभाषा म्हणाला, "साहब पूछ रहे हैं, यहाँ कौन-सी मशीन बैठेगी?"

तोवर भंडाऱ्याहून मुलगा झाल्याचं पत्र आलं होतं. वानखेडे म्हणाला, "सांगा त्यायले, लहानच आहे, पण रात्रभर चालते!"

*

ओतकामाला सगळी गँग सुट्टीच्या दिवशी फुकट आली. मजुरी वाचली म्हणून मी खुशीत दोन कोंबडे कापले. मंडळी जेवायला बसली ती बसलीच. तिकडे कालवून ठेवलेला माल उन्हात दगड झाला. सिमेंट परमिटवर मिळायचं हो! मला रडूच यायचं बाकी होतं.

शेंडेकाकांनी हात पुसत त्या दगडाला लाथ मारून पाहिली. "मजबूत आहे," ते म्हणाले. "चूक नाही काही."

*

पुन्हा परमिट काढून सिमेंट आणलं आणि अखेर जमीन झाली. आनंदाच्या भरात मी त्याच संध्याकाळी कार्ड टाकलं, "जमीन तयार आहे. बाळाला घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी शेंडेकाका येऊन म्हणाले, "आता चौदा दिवस पाण्याखाली ठेव. नवं काँक्रीट सुकलं तं फाटते." मी उंबऱ्यांना मातीचे बांध घातले आणि विहिरीवरून बादल्या आणून दोन्ही खोल्या भरल्या. रोज आटायचं, रोज भरायचो. खांदे निखळायची वेळ आली.

आठव्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी टांगा थांबला. सुमन पोराला खांद्यावर घेऊन हसत हसत आली. मुलगा मी पहिल्यांदाच पाहत होतो. पण माझे पाय घोट्यापर्यंत पाण्यात, पँट वर दुमडलेली, हातात भरलेली बादली.

ती दारातच थबकली. "एवढं पाणी कोठून आलं?"

"मीच भरलं," मी अभिमानानं म्हणालो. "अजून सहा दिवस भराचं आहे!"

तिनं पाण्याकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग पोराला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि गल्लीकडे वळून ओरडली,

"भैया, रुको! वापस दुर्ग स्टेशन!"