डोळे दिलेल्या होड्या

माझं अक्षर वाकडंतिकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला शाळेतही कधी जमलं नाही, त्याबद्दल आधीच माफ करावं. शाळा चौथीपर्यंतच झाली. हे कागद मी कोणाला दाखवणार नाही, मग माफी कोणाची मागते ते मलाही माहीत नाही. पण लिहायला बसलं की कोणीतरी मागे उभं राहून चुका पाहतंय असं वाटतं.

आमचं सुताराचं घर, दिग्रसला. दारं-खिडक्या आता लोक लोखंडाच्या करतात, म्हणून आमची खरी कमाई तान्ह्या पोळ्याची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान मुलं चाकांचे लाकडी नंदी सजवून ओढत नेतात, ते नंदी आम्ही बनवतो. आमचे हे कापतात, तासतात. घासणं, रंगवणं आणि डोळे काढणं माझ्याकडे. डोळे सगळ्यात शेवटी. सासूबाईंनी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, "डोये देले की त्यात जीव आला. मंग त्याले हत्यार लावाचं नाई." मग कुंकू लावायचं, गुळाचा खडा ठेवायचा आणि नंदी दुकानात मांडायचा. नंतर एखादा पाय आखूड दिसला तरी त्याला कानस लावत नाही. तसाच विकतो, दोन पैसे कमी घेतो.

मागच्या वर्षी नातवासाठी नंदी घ्यायला यवतमाळचे एक काकाजी आले. रेल्वेतून रिटायर झालेले. नंदी उलटून पालटून पाहिला आणि एकदम म्हणाले, "मासे धरायच्या होड्या कराल का?"

आमचे हे हसले. "बंडी सांगा, वखर सांगा. होडी कायले पाहिजे यवतमाळात?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. तरुणपणी त्यांची नोकरी समुद्राकाठी होती. तिथे रूळ थेट धक्क्यापर्यंत जायचे, एका बाजूला मालगाडीचे डबे आणि दुसऱ्या बाजूला होड्या. तो देखावा ते घरात टेबलावर मांडत होते. गाडी विजेवर चालणारी, विकत घेतलेली. धक्का स्वतः केलेला. होड्या मात्र मापाच्या मिळत नव्हत्या. त्यांनी मोबाईलवर फोटो दाखवला. रेतीत ओढून ठेवलेल्या होड्या, एका अंगावर कललेल्या, पोट दिसत होतं. मग खिशातून बोटाच्या पेराएवढा एक माणूस काढून माझ्या हातावर ठेवला. "हा होडीत उभा राहिला की कमरेपर्यंत दिसला पाहिजे."

आणि तीन हजार रुपये इसार म्हणून आगाऊ दिले. नंदीच्या शिंगाएवढ्या वस्तूंसाठी! ते गेल्यावर आम्ही दोघं नोटांकडे पाहतच राहिलो. करवतीची मोटार जळून पडली होती, त्याच दिवशी ते पैसे तिच्यात गेले.

लाकडाचे तुकडे यांनी काढून दिले आणि हात झटकले. "हे माह्या बोटाचं काम नाई. तुह्या बोटाचं आहे." म्हणून होड्या मीच केल्या. समुद्र मी पाहिलेला नाही. धरणावर भोयांची डोंगी पाहिली होती तेवढीच. फोटोवरून सावरीच्या मऊ लाकडाला पोट दिलं, आतून खिळ्याने कोरलं, फळ्यांच्या रेघा ओढल्या. जुन्या मच्छरदाणीचा तुकडा चहाच्या पाण्यात बुडवून जाळी केली. सगळ्यात जास्त वेळ पोट घासण्यात गेला. अंगठा कुठे अडत नव्हता इतकं घासलं. रंग वाळल्यावर पाहिलं तर त्या आंधळ्या वाटत होत्या. मग टोकाला दोन्हीकडून डोळे काढले.

"होडीले डोये? रस्ता पाहाले का?" हे म्हणाले.

"मले का माहीत. पण डोयाबिगर आपल्या घरातून काही गेलं का आजवर?"

कुंकू लावलं, गूळ ठेवला.

द्यायच्या दिवशी यांना चौकट बसवायचं काम लागलं, म्हणून मी एकटीच यष्टीने यवतमाळला गेले. काकाजींच्या घरात पाय ठेवला. बैठकीच्या खोलीत पलंग नाही, सोफा नाही, भिंतीपासून भिंतीपर्यंत टेबल. त्यावर डोंगर, स्टेशन, सिग्नल, आणि पेराएवढी माणसं. काकाजींनी बटण दाबलं आणि मालगाडी आपली आपण निघाली. एवढा मोठा माणूस आणि खेळतो काय! पण तो धक्का इतका खरा होता की मी काठावरून मागे सरले. समुद्र म्हणजे काच होती, खालून हिरवी-निळी रंगवलेली.

होड्या पाहून ते फार खूश झाले. आपल्या बायकोला, काकूंना, हाक मारली. काकू म्हणाल्या, "अगं बाई, ह्या पाहतात पण!"

काकाजींनी एक होडी काचेवर ठेवली. ती आडवी झाली. दुसरी ठेवली, तीही आडवी.

"हो, पोट आहे नाही का," ते आपल्याशीच बोलले. त्यांनी खणातून बारीक करवत काढली, होडी उताणी धरली आणि मला काही समजायच्या आत कापली. माझं घासलेलं पोट टेबलावर पडलं.

"काचेच्या खालचं कोणाला दिसतं, बाई? पाण्यात बुडालेला भाग कापायचाच असतो. मीच सांगायला पाहिजे होतं."

त्यांनी दुसरी हातात घेतली.

"नाही," कोणीतरी म्हणालं. ती मीच होते. "थांबा, काकाजी. डोये देले आहेत तिले. आता हत्यार लावता येत नाही."

त्यांना कळलं नाही. मी सांगितलं, कसंबसं, जमिनीकडे पाहत. काकूंनी तोंडावर हात ठेवला. काकाजी वाईट माणूस नाहीत. त्यांनी करवत खाली ठेवली आणि म्हणाले, "मग ह्या उभ्या कशा राहतील? रविवारी माझे जुने सोबती पाहायला येऊन राहिले."

त्यांचं बरोबरच होतं. दुसऱ्या होड्या करायला दिवस उरले नव्हते.

"मले नाही माहीत. पण ह्या कापू नका. तुमचा इसार मी फेडते."

ते जरा दुखावले. "बरं. मग द्या पैसे परत," म्हणाले आणि गाडी बंद केली. कापलेली तेवढी त्यांच्याकडे राहिली. बाकीच्या मी टोपलीत भरल्या. बसमध्ये बसल्यावर आठवलं. पैसे तर करवतीच्या मोटारीत गेले होते.

घरी सांगितलं तर हे खाटेवर बसलेच. "तू बोलली? तू? चक्कीवाल्याले पीठ बारीक दळ म्हणाले तुह्या तोंडातून शब्द निघत नाही, अन् साहेबाले पैसे फेडतो म्हणून आली?" मग म्हणाले, "खरंच कापली? डोयासकट?"

"डोये वर राहिले. खालचं कापलं."

त्यांनी मला पुन्हा कधी बोल लावला नाही.

होड्या दुकानात मांडल्या तर शेजारचा रोज विचारायचा, "वहिनी, याले कोणता बैल जुपाचा?" एकही विकली गेली नाही. मी दुसऱ्या सुताराचे नंदी रंगवायला घेतले, पाट-चौरंगांना रंग दिला, आणि थोडे थोडे पैसे जमले की यवतमाळला नेऊन द्यायचे.

पहिल्यांदा पैसे द्यायला गेले तेव्हा मी त्या टेबलाकडे पाहणार नव्हते. तरी नजर गेली. धक्क्याला दुकानातल्या प्लास्टिकच्या रंगीत होड्या लागल्या होत्या, आणि त्यांच्यात माझी. ती पाण्यात बसली होती. खरोखर बुडून बसली होती, खाली काचेत तिची सावली पडली होती. मला वाटलं होतं ती मेली. मी तिथेच उभी राहिले. ती बरी दिसते म्हणून आनंद होत होता आणि त्या आनंदाचाच राग येत होता.

"हिचे पैसे धरतो मी," काकाजी म्हणाले. "तेवढे कमी द्या."

मी मान हलवली. तिचे पैसे घेतले असते तर करवतीला मी हो म्हटल्यासारखं झालं असतं. एवढं मला त्यांना सांगता आलं नाही.

"हट्टी आहे बाई," ते काकूंना म्हणाले, पण चहा पाजूनच सोडलं. पुढे दर वेळी चहा ठरलेला. काकू बसची वेळ विचारून ठेवायच्या.

यंदाच्या तान्ह्या पोळ्याला नंदी चांगले गेले. पोळा झाल्यावर उरलेले पैसे रुमालात बांधून मी गेले. काकाजींनी नोटा तशाच खिशात ठेवल्या.

"मोजून घ्या, काकाजी," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा लावला, नोटा मोजल्या, आधीचे मिळवले. तीन हजार पूर्ण फिटले.