तळहातावरचं रताळं

रताळं शिजलं की नाही हे पाहायला माझ्या सासूनं, तान्हाबाईनं, कधी सुरी टोचली नाही. घरात सुनांचे तळहात असताना सुरी कशाला खराब करायची!

अर्जुनी मोरगावच्या अलीकडे तलावाला लागून आमचं शेत. थंडीत सकाळी चुलीच्या राखेत पुरलेली रताळी, हाच घरचा नाश्ता. लग्नानंतरच्या पहिल्याच सकाळी तिनं विस्तवातून एक काढून माझ्या मेंदीच्या हातावर ठेवलं आणि वरून माझी मूठ आवळली. मी किंचाळून टाकून दिलं. ते गेलं गोठ्यात आणि मी उपाशीपोटी खळ्यावर, धान चुरायला.

"काऊन वं, लोण्याचा हात हाय का तुहा?" ती हसत म्हणाली. "माह्या सासूनं माह्या हातावर निखारा ठेवला होता. मी तं खायची वस्तू ठेवून राहिली."

नियम सरळ होता. सुनेनं चटका सोसून मूठ धरायची. मग सासू ते स्वतःच्या हातात घेई, दाबून पाही आणि निकाल देई. 'शिजलं' म्हणाली तर खा. 'कच्चं' म्हणाली तर बैलांना. पोरांच्या ताटात मात्र न दाबताच जायची. खोटं कशाला बोलू, तिनं स्वतः भाजलेल्या रताळ्याची चव मी पुन्हा कुठे चाखली नाही. साल बोटानं सुटायची, आतून पाक गळायचा. त्या चवीपायी अख्खं गाव तिला अन्नपूर्णा म्हणायचं. माझं डोकंच फिरायचं.

माझी मोठी जाऊ सुमन. तिच्या तळहाताची कातडी चकाकायची, इतकी भाजलेली. तिचं रताळं सासूच्या हातात कधी शिजलंच नाही. मी लवकरच भांडून वेगळी चूल मांडली, सुमन राहिली.

"बाई, कायले जीव जाळता? गॅसवर उकडा अन् द्या आपटून," मी म्हणायची.

"नाई वं. एक डाव तिच्या तोंडून आयकाचं हाय मले. शिजलं म्हणून."

पुढे तान्हाबाईला साखरेनं धरलं. पाय बधिर झाले, चप्पल गळून पडली तरी कळेना. डॉक्टरांनी रताळी बंद केली. चुलीशेजारी खाटेवर बसून ती दिवसभर सुमनवर तोंड सोडायची. गेल्या थंडीत एका सकाळी मी विस्तव मागायला गेले, तेव्हा ती हट्टालाच पेटली होती.

"दे मले एक. का मले उपाशी मारून राहिली?"

सुमननं चिमट्यानं धगधगीत रताळं उचललं. क्षणभर थांबली. "हात करा, माय," म्हणाली.

म्हातारीनं हात केला, मूठ वळली. मी वाट पाहत होते. तिनं एकदा तरी किंचाळावं, असं मला मनापासून वाटत होतं. ती किंचाळली नाही. मूठ आवळून दाबत राहिली. मग कातडी जळल्याचा वास आला.

"थंडं हाय वं," ती तोंड वाकडं करून म्हणाली. "कच्चं. तुले अजून चूल समजली नाई."

सुमननं ओरडून तिची बोटं सोडवली. रताळ्यासोबत तळहाताची साल निघाली. म्हातारी त्या हाताकडे दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखी पाहत राहिली. पायाची बधिरता हातापर्यंत आली होती, आणि ते तिलाही ठाऊक नव्हतं.

साखरेच्या माणसाची जखम ती, भरलीच नाही. होळीच्या आधी ती गेली. शेवटपर्यंत दवाखान्यात येईल त्याला सांगत होती, "मोठीनं कच्चं देल्लं मले."

त्या सकाळी तिला गाडीत घालून पोरं दवाखान्यात घेऊन गेली, तेव्हा ते रताळं चुलीपाशीच पडलं होतं. मी उचलून मोडलं. आतून पार मऊ, पाक गळत होता.

"शिजलं हाय, बाई," मी म्हणाले.

सुमननं अर्धं घेतलं. आम्ही दोघींनी तिथंच उभ्यानं खाल्लं.