त्या दिवशी मीही हसलो

"काढ त्याचे बूट," साहेब म्हणाले.

मॅच नुकतीच संपली होती. दुबईजवळच्या रास अल खैमातल्या एका फुटबॉल क्लबात मी किटमन होतो. जर्सी धुणं, बूट घासणं, पाण्याच्या बाटल्या भरणं, ही कामं. साहेब टीमचे मॅनेजर. मूळचे पुण्याचे, पण वाढले दुबईत, शाळाही तिथल्याच ऊद मेथा भागातली. त्या दिवशी त्यांनी चेंजिंग रूममध्ये तीन मित्र आणले होते. मराठीच. नवीन स्ट्रायकर पाय पसरून फोनवर बोलत होता. त्याने पाय माझ्याकडे केला. माझ्याकडे बघितलंही नाही.

मी गुडघ्यांवर बसलो. ओल्या गवतात भिजून नाडी आवळली होती. गाठ सुटेना. शेवटी मी ती दातांनी ओढली.

साहेब मित्रांना मराठीत म्हणाले, "ह्यांना चामड्याची सवय असते. रक्तातच असतं."

ते तिघे हसले. आणि मी हसलो.

नोकरी लागल्यावर पहिल्याच आठवड्यात साहेबांनी मला आडनाव विचारलं होतं. मग गाव. मग गावात घर कुठल्या अंगाला. खेड तालुका, गावाबाहेर, मी सांगितलं. त्यांना कळलं. त्यानंतर मी भरलेल्या बाटलीतलं पाणी ते कधी प्यायले नाहीत.

माझ्या आजोबांनी गावातली मेलेली गुरं ओढली. बापाने ते काम टाकलं आणि त्यासाठी मार खाल्ला. त्या बापाचा मुलगा मी. एसीच्या खोलीत, तोंडात नाडीची चव घेऊन हसत होतो.

समोरच्या बाकावर मार्सियो बसला होता. ब्राझीलचा मिडफिल्डर. काळा, बुटका, चौतिशीचा. तो आपले बूट स्वतः धुवायचा, मला हात लावू द्यायचा नाही. आमची भाषा म्हणजे थोडं इंग्रजी, थोडं अरबी, बाकी हातवारे. पाहुणे गेल्यावर त्याने विचारलं, "काय म्हणाला तो?"

मी सांगितलं, "म्हणाला, काम चांगलं करतो."

मार्सियोने मान हलवली. त्याला पटलं नव्हतं.

त्याने अठराव्या वर्षी घर सोडलं होतं. पोर्तुगालमधली खालची डिव्हिजन, मग सायप्रस, कोरिया, ओमान, मग आम्ही. मधले किती तरी त्यालाच आठवत नव्हते. चौदा क्लब झाले म्हणायचा. कुठेच दोन सीझनच्या वर टिकला नाही. त्याच्या नावाची जर्सी कुणी विकत घेतली नसेल. पण बॉल त्याच्या पायात आला की बाकीच्या दहा जणांची धावपळ थांबायची. आता काय करायचं ते सगळ्यांना कळायचं.

एकदा बूट पुसता पुसता त्याने आपणहून सांगितलं. पोर्तुगालमध्ये पहिल्या वर्षी टीमच्या जेवणाला कोचने त्याच्यापुढे, माकडापुढे ठेवावं तसं, केळं ठेवलं होतं. सगळे हसले. तोही हसला आणि केळं खाल्लं.

"त्या सीझनचा एकही गोल मला आठवत नाही," तो म्हणाला. "ते केळं आठवतं."

मी तेव्हाही माझं सांगितलं नाही. तोंडाशी आलं होतं. पण सांगायचं तर आधी आडनावापासून सुरुवात करावी लागली असती. मला लाज वाटली. आपल्या जन्माची लाज. हिच्याइतकी वाईट लाज नसते.

जानेवारीत क्लबने दुसरा परदेशी खेळाडू घेतला. परदेशी किती घ्यायचे ते ठरलेलं असतं, तेव्हा कुणाला तरी काढावं लागणार होतं. सकाळी प्रॅक्टिस चालू असताना साहेब किट रूममध्ये आले. हातात कचऱ्याची काळी पिशवी.

"मार्सियोचा लॉकर रिकामा कर. पिशवी गेटवर सिक्युरिटीकडे ठेव. यल्ला, चल लवकर."

"त्याला सांगितलंय?"

"गेटवर कळेल."

मी गेलो. लॉकर उघडला. टॉवेल भरला, शँपू भरला, आईचा फोटो होता तोही भरला. बूट हातात घेतले. त्यानेच धुतलेले, आत वर्तमानपत्र कोंबून वाळवलेले. ते कचऱ्याच्या पिशवीत टाकायला हात पुढे होईना. मी पिशवीतलं एकेक बाहेर काढलं, होतं तसं लावलं, लॉकर बंद केला आणि समोर उभा राहिलो.

तेवढ्यात टीम आत आली. मागून साहेब.

"झालं का?"

"मी नाही करणार. तुम्ही त्याला तोंडावर सांगा."

साहेब जवळ आले. हळू आवाजात, मराठीत म्हणाले, "तुमच्या लोकांना वर घेतलं की हे असं होतं."

मी म्हणालो, "हे इंग्रजीत बोला, साहेब. सगळ्यांना कळू दे."

ते दाराकडे वळले. मग मीच बोललो. मोडकंतोडकं इंग्रजी. माझे आजोबा काय काम करायचे. साहेबांनी मार्सियोचा लॉकर रिकामा करायला सांगितलं ते. आत्ता काय म्हणाले. त्या दिवशी बूट काढताना काय म्हणाले होते. आणि मी हसलो होतो, तेही. 

 स्ट्रायकर फोनकडे बघत राहिला. कॅप्टन आंघोळीला गेला. मार्सियोने आपलं सामान आपल्या बॅगेत भरलं आणि माझ्यापाशी थांबला.

"तू म्हणाला होतास, काम चांगलं करतो."

"खोटं बोललो."

"माहीत होतं," तो म्हणाला आणि निघून गेला. हात मिळवला नाही. मला ते बरोबर वाटलं.

महिन्याभरात माझा व्हिसा कॅन्सल झाला. आता नव्या व्हिसावर इथेच एका टाइल्सच्या कारखान्यात लोडिंगला आहे. साहेब अजून क्लबात आहेत. मार्सियो माल्टात कुठल्याशा छोट्या टीमकडून खेळतो, असं ऐकलं.

मी शूर झालो असं कुणी समजू नये. दोन वर्षं मी त्या माणसासमोर मान खाली घालून उभा होतो. ते पुसता येत नाही, मला पुसायचंही नाही. बायकोला फोनवर सांगितलं. सुट्टीत गेलो की मुलीला समोर बसवून सांगणार आहे. तिचा बाप वाकला होता, हे तिला माझ्याच तोंडून कळलं पाहिजे.

कारखान्यात परवा नवा फोरमन आला, मराठीच. त्याने नाव विचारलं. मी नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, आणि त्याने विचारायच्या आत जातही सांगितली. त्याच्या डोळ्यांत बघून. ह्यापुढे असंच सांगणार.