बावीस कुलपांचे पाळकबाबा

आमच्या पाळकबाबांच्या घरात पाऊल टाकलं की समोरच्या भिंतीवर एक लाकडी फळी दिसायची. तिला बावीस खिळे ठोकलेले, आणि दिवाळीनंतर प्रत्येक खिळ्याला एकेक किल्ली लटकलेली. शिरूर कासारच्या आमच्या बाजूला दिवाळी सरली की माणसं ऊसतोडीला निघतात. आमची ख्रिस्ती वस्ती तीसेक घरांची, त्यांतल्या बावीस घरांना कुलूप लागायचं. ट्रॅक्टर चर्चपुढं येऊन उभा राहायचा. बाबा कोयत्यांवर हात ठेवून प्रार्थना करायचे, मग एकेक बाई पुढं येऊन पदराची गाठ सोडायची आणि किल्ली त्यांच्या हातात द्यायची. मागं उरायची थकलेली दहा-बारा माणसं, त्यांची नातवंडं आणि अंगणवाडी चालवणारी मी.

त्यांचं नाव याकोब. गेवराईकडचे. उंच, किंचित वाकलेले, आणि मिशीला तेल लावायची एवढी एकच चैन. बायको वारलेली, मुलगी पुण्याला नर्स. उपदेश करण्यात त्यांचा हात तसा बेताचाच होता. ऐन रंगात आले की मूळ वचन विसरायचे आणि शेतातल्या गोष्टीवर घसरायचे. मी एकदा चिडवलं तर म्हणाले, "ऐतवारी बोलतो त्यो पाळक न्हाई, बाय. सोमवारी कोण कुठं हाय हे ज्याला म्हाईत असतंय, त्यो पाळक."

रोज सकाळी ते तीन-चार घरं करायचे, एका वेळी एकच किल्ली घेऊन. कुलूप उघडायचं, केर काढायचा, आतून कडी घालायची आणि रिकाम्या घरात मांडी घालून बसायचं. कडी कशाला, तर म्हणे कुत्री शिरतात. मला मात्र वाटायचं, त्यांना घराशी एकट्यानं बोलायचं असतं. घरातल्या सगळ्यांची नावं घेऊन ते प्रार्थना करायचे, अगदी पोटातल्या लेकराचंसुद्धा. आणि प्रार्थना झाली की घराला बातमी द्यायचे.

एकदा ते मला सोबत घेऊन गेले. पौषातली सकाळ होती. पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे कवडसे खाली आले होते आणि त्यांतून धूळ इतकी सावकाश फिरत होती, की घर झोपेत श्वास घेतंय असं वाटलं. चुलीची राख गार होती. दोरीवर कुणाचं तरी लहानसं झबलं विसरलेलं. बाबा भिंतीला टेकून हळूच म्हणाले, "तुझी माणसं खुशाल हायत गं. काल फोन आलता. पोरीला खोकला व्हता, आता उतार हाय." मग बराच वेळ ते गप्प बसले. मीही बसले. अंगणवाडी, रजिस्टरं, पोषण आहार, सगळं कुठंतरी लांब राहून गेलं होतं. तसली शांतता मला पुन्हा कुठं सापडली नाही.

संध्याकाळी त्यांचा फोन वाजत राहायचा. उसाच्या फडातून एकेक जण मागणं सांगायचा. मुकादम त्रास देतो, प्रार्थना करा. बैल बसला, प्रार्थना करा. बाबा सगळं ऐकून घ्यायचे आणि शेवटी म्हणायचे, "तुझ्या वळचणीला चिमणीनं घरटं केलंय. मी काढलं न्हाई. तू येईस्तवर पिल्लं उडतेल." पलीकडचा माणूस हसायचा, कधी रडायचा.

बाबा बंद दाराआड असले की तिथून जाताना आम्ही पावलं हळू टाकायचो. आतून आवाज आला की पोरांना गप्प करायचो. पाळक प्रार्थनेत असताना हाक मारायची नाही, हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. ते आमच्या अंगातच होतं, आणि त्याचा मला अभिमानही होता.

माघातली गोष्ट. दहाच्या सुमारास मी अंगणवाडीकडं निघाले होते. तोडीला गेलेल्या एलियाच्या घरातून बाबांचा आवाज आला, उंच आणि ओढलेला. शब्द काही कळले नाहीत. मनात म्हटलं, आज बाबा अगदी कळवळून प्रार्थना करताहेत. मी पदर डोक्यावर घेतला, पोरांना ओठांवर बोट ठेवून दाखवलं आणि आम्ही सगळे दबकत पुढं गेलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्याकडं गेले. गेले तीही स्वतःच्याच कामासाठी, नवऱ्याच्या बदलीसाठी प्रार्थना सांगायला. दार लोटलेलं होतं. तवा पालथा, चूल गार, माठ कोरडा, फोन कोनाड्यात वाजून वाजून बंद पडलेला. आणि फळीवर एकवीस किल्ल्या. एलियाचा खिळा रिकामा होता.

मी तशीच धावत सुटले. दोन म्हातारे आणि शेजारच्या रानातला पाटलांचा गडी यांनी मिळून दार मोडलं. सरकलेला पत्रा नीट करायला बाबा डब्यावर चढले होते, तिथून पडून त्यांचा खुबा मोडला होता. एक दिवस आणि एक रात्र ते त्या मातीवर पडून होते. ओठ फुटले होते. पाणी पाजल्यावर पहिलं वाक्य बोलले ते हे, "एलियाला सांगू नका दार मोडलं म्हणून. काम टाकून पळत येईल त्यो."

"बाबा, मी काल इथूनच गेले," मी रडत म्हणाले. "मला वाटलं, तुम्ही प्रार्थना करताय."

"करतच व्हतो की," ते हसले. "मधीमधी हाक बी मारीत व्हतो."

ते हसले म्हणून मला जास्त लागलं. अजून लागतं.

बीडच्या दवाखान्यात त्यांची मुलगी आली. पुण्याला घेऊन जायचं तिनं ठरवूनच टाकलं होतं. व्हरांड्यात तिनं मला गाठलं. "माझ्या वडिलांनी तुमची बावीस घरं सांभाळली. ते जेवले का, एवढं तरी तुमच्यातलं कुणी विचारत होतं?" सुट्टी मिळताच ती त्यांना घेऊन गेली. बाबांनी जाताना फळी माझ्यावर सोपवली आणि एकच विचारलं, "मंडळी आली म्हंजी मला कळवशील न्हवं?"

चैत्रात माणसं परतली आणि किल्ल्या घ्यायला माझ्या दारात उभी राहिली. त्या रविवारी चर्चमध्ये उपदेश करायला कुणी नव्हतं. शेवटी एलियाची बायको साराबाई उठली. "आमी त्येंच्याकडं सारखं मागितलं. त्येंला इचारलं कधीच न्हाई. आता कोणत्या तोंडानं या म्हणावं?" तरी दुसऱ्या दिवशी एलिया, साराबाई आणि मी पुण्याची एसटी धरली.

मुलीपुढं साराबाईनं सगळं सांगितलं. मागं राहणाऱ्या घरांनी पाळीपाळीनं बाबांचं जेवण करायचं. फडातून रोज एका घरानं फोन करायचा, आणि त्या फोनवर मागणं सांगायचं नाही, फक्त त्यांची खुशाली विचारायची. आणि बाबा कुठल्याही घरात असोत, जाणाऱ्या-येणाऱ्यानं हाक मारायचीच. मुलगी बापाकडं वळली. बाबांनी तोवर पिशवी भरायला घेतली होती.

ते काठी टेकत परत आले. दिवाळीनंतर मंडळी पुन्हा तोडीला गेली, तेव्हा पहिला फोन एलियाचा होता. "जेवलाव का?" त्यानं विचारलं. "जेवलो." पुढं काय बोलावं हे त्याला सुचेना. जन्मभर पाळकाकडं मागायची सवय! शेवटी घाबरून म्हणाला, "कशाची भाजी व्हती?" बाबा दिवसभर ते आठवून हसत होते.

हाकेचं मात्र मला जड गेलं. प्रार्थनेत अडथळा आणायचा म्हणजे पाप वाटायचं. मी तसं म्हटलं तर बाबा म्हणाले, "तू कावून भितीस? देव थांबंल घटकाभर. त्याला लई सवय हाय थांबायची."

तीन हंगाम ते असे राहिले. चौथ्या वर्षी आषाढात गेले, सगळी मंडळी घरी असताना. त्या दिवशी वस्तीतल्या एकाही दाराला कुलूप नव्हतं. उशाशी मुलगी होती, पायाशी एलिया. साराबाईनं सकाळी आणलेल्या पेजेचे त्यांनी दोन घोट घेतले होते.

नवे पाळक अजून आलेले नाहीत. फळीवर मी तेविसावा खिळा ठोकलाय, बाबांच्या घराच्या किल्लीसाठी. पूर्वी त्या घराला कधी कुलूपच नसायचं. अंगणवाडी सुटली की मी एकेक घर उघडते आणि शेवटी त्यांच्याकडं जाते. केर काढते, कडी न घालता बसते. दुपारचं ऊन उंबऱ्यावरून आत येत येत माझ्या पायांपर्यंत पोचतं. मी त्या घराला सांगते, कुणाचं लेकरू चालायला लागलं, कुठल्या फडात कोण आहे. आणि मग प्रार्थनेत बाबांचं नाव घेते. जिवंतपणी त्यांच्यासाठी एकदाही घेतलं नव्हतं, ते आता रोज घेते.

काल असेच डोळे मिटलेले होते. रस्त्यानं कुणीतरी म्हातारं माणूस काठी टेकत चाललं होतं. पावलं दारापाशी थांबली.

"करुणाबाय, बरी हाईस ना गं?"

"बरी हाय," मी म्हणाले. देव तेवढा वेळ थांबला होता.