पिवळ्या वायरीचे मरियास्तोत्र

मध्ययुगीन मरियास्तोत्रांवर पीएच.डी. करणाऱ्याकडे निष्कर्ष साठायला हवेत. माझ्याकडे साठले ते इथे परदेशात, पॉइंट कुकच्या आमच्या चर्चमधल्या गायनवृंदाचे किस्से, आणि प्रत्येक किश्शागणिक थोडा अधिक संताप.

मी वृंदाला शिकवतो त्या मध्ययुगीन स्तोत्राचा नियम साधा आहे: सर्वांनी एकाच सुरात गायचे, वाद्य नाही. फादरांनी बजावले होते की मरियामातेच्या जन्मसणाला स्तोत्र नीट झाले तर राहील, नाहीतर पुढल्या वर्षापासून बंद.

*

स्तोत्र तुटू नये म्हणून मी शिकवले, शेजारचा श्वास घेत असताना आपण घ्यायचा नाही. आयटीतला रूबेन पुढच्या सरावाला श्वासांचे रोस्टर बनवून घेऊन आला. त्यात त्याचा स्वतःचा वीकेंड ऑफ होता.

*

पुढच्या मिस्सेच्या प्रार्थनेला येणाऱ्या गाड्या पार्किंगमध्ये अडकतात, म्हणून कमिटीने स्तोत्र अर्धे करायला सांगितले. कुठले अर्धे, मी विचारले.

"जे लोकांना कळत नाही ते."

स्तोत्र संपूर्ण लॅटिनमध्ये आहे.

*

युनिमध्येही सुख नाही. माझ्या गाइडने विचारले, तू भारतीय, मग बॉलिवूडवर का नाही? वसईत आमच्या घरी ही स्तोत्रे पिढ्यान्‌पिढ्या गायली जातात, असे मी शक्य तितक्या शांतपणे सांगितले. "नो वरीज, मेट," म्हणत त्याने मला योगाच्या परिषदेचे निमंत्रण पाठवले.

*

सर्वांत कठीण अँटनी अंकल. दर सरावाला ते खुर्च्यांखालून पिवळी एक्स्टेन्शन वायर ओढत आणि कीबोर्ड मांडत. एकदा माझा संयम सुटला. "अंकल, हे स्तोत्र कीबोर्डपेक्षा कित्येक शतके जुने आहे."

"मग बिचाऱ्याने किती वाट पाहिली बघ!" म्हणत त्यांनी डिस्को बीट लावला. सगळे हसले, फक्त त्यांच्या पत्नी फिलोमिना आंटी हसल्या नाहीत. मी बाहेर जाऊन पार्किंगमध्ये उभा राहिलो.

*

सणाच्या दिवशी अंकल कोट घालून कीबोर्डवर बसले. मी दात आवळून पहिला स्वर दिला. वृंदाने सूर उचलला. अंकलची बोटे चालत होती. कानावर मात्र फक्त आमचे आवाज येत होते. अंकलनी एकदा खुर्च्यांखाली पाहिले, मग समोर, आणि शेवटच्या स्वरापर्यंत बोटे चालवत राहिले. स्तोत्र संपले तसे फादर पुढे आले.

"पुढच्या वर्षीही हेच," फादर म्हणाले. "आणि अँटनी, आज तुझी साथ किती संयमी होती."

अंकलनी मान लववली.

हॉलमध्ये फिलोमिना आंटी चहा ओतत होत्या. काखेत पिवळ्या वायरीचे वेटोळे.

"घे रे बाबा," त्या मला म्हणाल्या. "आज चहा चांगला गरम आहे."