यांचा हात कुठल्या जागेला?

आमचे हे सलून चालवतात. घराच्याच पुढच्या खोलीत दोन खुर्च्या, एक मोठा आरसा आणि मध्ये पडदा. पडद्याच्या अलीकडे माझं स्वयंपाकघर. त्यामुळे गावातली सगळी मतं मला भाजी चिरता चिरता फुकटात ऐकायला मिळतात.

यांचा धंद्यातला एक नियम आहे. खुर्चीत बसलेल्या माणसाला विरोध करायचा नाही. गळ्यावर वस्तरा असताना माणूस चिडला की हलतो, असं यांचं म्हणणं. नियम चांगला आहे. पण खुर्ची रिकामी झाली तरी तो काही यांच्या अंगातून उतरत नाही. आमच्या लग्नाच्या बोलणीत माझे वडील म्हणाले त्याला यांनी मान डोलावली, आणि यांचे वडील नेमकं उलट म्हणाले त्यालाही डोलावली. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

गेल्या वर्षी नगरपालिकेने ठरवलं, नवे कारखाने, वर्कशॉप, गोदामं यावीत म्हणून गावात एक जमीन राखून ठेवायची. जागा तीन काढल्या. हायवेपलीकडचा माळ, पाण्याच्या टाकीजवळची मोकळी जमीन आणि आमच्या गल्लीमागचं बंद पडलेल्या वीटभट्टीचं मैदान. कुठली घ्यायची ते लोकांनी सांगायचं होतं.

झालं, सलूनमध्ये दुसरा विषय उरला नाही. मास्तर आमच्याच गल्लीत राहतात, रिटायर झालेत. ते तोंडाला फेस असतानाच बोलायचे, "पोरांना कामं मिळायलाच हवीत हो, पण आपल्या उशाशी ट्रक कशाला? पलीकडे माळ पडलाय की!"

"बरोबर आहे मास्तर," हे म्हणायचे.

मास्तर उठले की दूधवाले बसायचे. त्यांची गुरं त्या माळावर चरायची. "माळ गेला तर मी गुरं काय गच्चीवर चारू? टाकीजवळची जागा काय वाईट आहे?"

"अगदी खरं," हे म्हणायचे. मग टाकीजवळ राहणारे औषधवाले यायचे. त्यांचंही अगदी खरं असायचं. रोजगार सगळ्यांनाच हवा होता, फक्त तो दुसऱ्याच्या दारात. मी आत भांडी आपटायचे. माझं भांडी आपटणं हेच माझं मत, असं हे म्हणतात.

आपटणार नाही तर काय करू? आमची एकुलती एक लेक पाच तासांवरच्या शहरात, बिस्किटं पॅक करण्याच्या कारखान्यात मशीन चालवते. जावयाने दुसरा संसार थाटल्यापासून एकटी आहे. तिथे एका खोलीत चौघीजणी राहतात, म्हणून तिची मुलगी ठकी आमच्याकडे. ठकी तीन वर्षांची. ती मला आई म्हणते आणि तिच्या आईला फोनवाली आई. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा आम्ही हसलो होतो. लेक हसली नव्हती.

लेकीची कंपनी आमच्या भागात नवीन युनिट काढायच्या विचारात होती. वीटभट्टीच्या मैदानापर्यंत रस्ता आहे, वीज आहे, पाणी आहे. ती जागा ठरली तर वर्षभरात काम सुरू होईल, असं तिचा सुपरवायझर म्हणाला होता. हायवेपलीकडे नुसती वीज न्यायलाच पाच-सहा वर्षं. तोवर कंपनी कशाला थांबते? लेकीने फोनवर यांना सांगितलं, "बाबा, अख्खं गाव तुमच्या खुर्चीत बसतं. तुम्ही चार शब्द बोललात तर लोक ऐकतील."

"बोलतो की," हे म्हणाले.

तेव्हापासून यांची झोप उडाली. दिवसभर कात्री हातात घेऊन उगाच हवेत चालवायचे. एका गिऱ्हाइकाचे कल्ले कमी-जास्त केले, आणि यांच्या हातून असं कधी होत नाही. रोज सकाळी म्हणायचे, "आज मास्तरांना सांगतोच." मास्तर यायचे, फेस लागायचा, आणि पडद्यापलीकडून मला ऐकू यायचं, "बरोबर आहे मास्तर."

मी एकदा बोलले, "तुमच्या जिभेलाही जरा धार लावा."

"गिऱ्हाईक तुटेल गं."

"आणि लेक?"

त्यावर हे उठून आरसा पुसायला लागले.

सभा रविवारी दुपारी शाळेच्या हॉलमध्ये होती. लेक रजा टाकून मुद्दाम आली. तिचं नाव आता इथल्या मतदारयादीत नाही, त्यामुळे तिला हात वर करता येणार नव्हता. ठकीला कडेवर घेऊन ती मागे दाराशी उभी राहिली. हे मास्तर आणि दूधवाल्यांच्या मध्ये जाऊन बसले. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये यांना नेमकी तीच खुर्ची सापडली!

नगरपालिकेच्या मॅडमनी सांगितलं, एकाने एकाच जागेला हात वर करायचा. आधी विचारलं, "हायवेपलीकडचा माळ?" मास्तरांनी हात वर केला आणि यांच्याकडे पाहिलं. यांचा हात वर गेला. मग टाकीजवळची जागा. दूधवाल्यांनी कोपराने ढोसलं. यांचा हात पुन्हा वर, जरा अर्धवट. शेवटी वीटभट्टीचं मैदान. मी हात वर केला, आणखी पाच-दहा हात होते. आणि यांचा. या वेळी मात्र अगदी ताठ.

मॅडमना हसू आवरेना. "काका, तुम्ही तिन्हींना हात वर केलात. तुमचं कुठलं धरू?"

हॉल खदखदून हसला. सगळे यांच्याकडे बघत होते. यांनी मागे वळून लेकीकडे पाहिलं. तोंड उघडलं. मग मास्तरांकडे पाहिलं, दूधवाल्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुम्हाला सोयीचं असेल ते धरा."

मॅडमनी काहीच धरलं नाही. माळावर शिक्कामोर्तब झालं. यांच्या एका हाताने निकाल फिरला नसता, ते मलाही कळतं. पण लेक काही निकाल बघायला एवढ्या लांबून आली नव्हती.

घरी आल्यावर रात्रीपर्यंत हे दोन्ही खुर्च्यांमध्ये येरझाऱ्या घालत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीने आपली बॅग भरली आणि मग कपाटातून ठकीचे कपडे काढायला लागली.

"हे काय?" मी विचारलं.

"आज ना उद्या परत यायचंय म्हणून तिथे वेगळी खोली घेत नव्हते. आता घेते. कारखान्यात पाळणाघर आहे." मग ती यांच्याकडे वळली. "बाबा, काल तुम्ही काही बोलला नाहीत. आज बोला. ठकीला नेऊ की ठेवू? आईचं मत नको, तुमचं हवंय."

ठकी दाराच्या पायरीवर बसून बाहुलीचे केस कापत होती. मी मागून यांचा शर्ट धरला आणि जोरात ओढला. ठेव म्हणा. एकदा म्हणा. ती तयार झाली असती, नक्की झाली असती.

यांनी माझा हात सोडवला.

"ने," म्हणाले. "पोर आईजवळ असावी. इथे आपण तिला आपल्याला करमावं म्हणून ठेवलंय."

लेक रडायला लागली. मी आत जाऊन भांडी आपटली, पण आज त्याचा अर्थ मलाच लागेना. नऊच्या बसने दोघी गेल्या. हे त्यांना सोडून आले आणि मास्तरांची दाढी करायला लागले. मी आठवडाभर यांच्याशी धड बोलले नाही. सगळ्यांना वाटलं, सभेतल्या फजितीचा राग आहे. ते मी कधीच सोडून दिलं होतं. इतक्या वर्षांत या माणसाने एकदाच स्वतःचं मत दिलं आणि ते बरोबर होतं, त्याचा राग होता.