टाइमसाहेब आणि दगडूचा पीएफ

टाइमसाहेब कुणाला नाव विचारत नसत. "नाव कसं लिवलंय?" असं विचारत. समोरचा गोंधळला की त्याचं आधार कार्ड मागून घेत आणि एकेक अक्षर बोटाखालून सरकवत.

भोसरीच्या एका फाउंड्रीत ते टाइम ऑफिसचे हेड होते, मी त्यांच्या हाताखाली क्लार्क. कामगारांची हजेरी आणि पीएफचे फॉर्म आमच्याच टेबलावर होत. कंपनी बंद पडली तेव्हा गेटवर जमलेल्या माणसांना त्यांनीच समजावलं होतं, "पीएफ सरकारकडं हाय. शाबूत हाय. निवांत गावाकडं जावा." माणसं गेली. कितीतरी जण परत फिरकलेच नाहीत आणि त्यांचे पैसे दावेदाराविना पडून राहिले. आपल्या शब्दावर लोक गेले, ही बोच टाइमसाहेबांना म्हातारपणी स्वस्थ बसू देईना. मोशीच्या घरातून रोज सकाळी ते जुना हजेरीपट पिशवीत घालून निघत, ती माणसं नाहीतर त्यांचे वारस हुडकत आणि क्लेम भरून देत.

त्याचा एक रुपया घेत नसत. कुणी बळेच हॉटेलात नेऊ लागला, तर म्हणत, "आधी खात्यात जमा हुंद्या, मग च्या."

कुरुळीत त्यांना गंगूबाई सापडल्या. त्यांचा नवरा दगडू आमच्याकडे मोल्डर होता, वाळूचे साचे भरायचा. तो वारल्यावर बाई एका खानावळीत भांडी घासत होत्या. मूलबाळ नाही, जवळचं कुणी नाही. नवऱ्याच्या नावावर पैसे आहेत हे त्यांच्या गावीही नव्हतं. रक्कम ऐकून म्हणाल्या, "येवढं? मंग भांडी सोडते की मी!"

क्लेम मात्र परत आला. रेकॉर्डला नाव दगडू नव्हतं, दादू होतं.

जुन्या फॉर्मची प्रत टाइमसाहेबांनी माझ्यासमोर ठेवली. अक्षर माझं होतं. सेकंड शिफ्ट सुटताना पन्नास फॉर्म घाईघाईत भरलेले, त्यातला एक.

"बाईला सांगू नगंस," ते म्हणाले. "चूक माझी म्हणून सांगितलंया मी. खाली सही माझीच हाय."

दुरुस्तीच्या कागदावर जुन्या मालकाची सही हवी होती. शेठ वाकडला एका टॉवरमध्ये राहायचे, आणि मी त्यांच्याच चाकणच्या नव्या कंपनीत नोकरीला लागलो होतो. "तू नुसता संगं चल, बोलतो मी," टाइमसाहेब म्हणाले. मी ओव्हरटाइमची सबब सांगितली. एक जुना कागद उघडला की मागोमाग शंभर येतात, असं शेठ नेहमी म्हणायचे. मला दोन मुली होत्या, फ्लॅटचे हप्ते होते.

मग ते एकटेच जाऊ लागले. वॉचमन आत सोडत नसे, ते गेटबाहेर बसून राहत. एका सकाळी फाइल घेऊन मी शेठच्या गाडीत बसलो होतो. गाडी गेटबाहेर आली तसे टाइमसाहेब गुडघ्यावर हात टेकून उठले आणि कागद हातात धरून काचेजवळ आले.

"कोण रे हा?" शेठने विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणालो.

गाडी निघाली.

ते जातच राहिले. तीन महिन्यांनी शेठने वैतागून सही टाकली. पैसे मंजूर झाल्याचं सांगायला टाइमसाहेब कुरुळीला गेले, तर गंगूबाईंना जाऊन अकरा दिवस झाले होते. खानावळीच्या मोरीत, भांड्यांतच कोसळल्या होत्या.

त्याच संध्याकाळी ते माझ्याकडे आले. मंजुरीचा कागद माझ्यापुढे ठेवला. मग म्हणाले, "आता खरंच बेवारस झाला पैसा."

मी कसंबसं म्हटलं, "टाइमसाहेब, त्या दिवशी गाडीत..."

"दिसला व्हतास." आवाज चढला नाही. "त्या दिशी सही झाली असती म्हणून बाई वाचली असती, आसं न्हाई. पर तीन म्हैने बसून खाल्लं असतं तिनं. नवऱ्याच्या घामाचं."

ते जिना उतरून गेले. त्यानंतर दोन वर्षं ते होते, मोशीतच, माझ्या घरापासून वीस मिनिटांवर. मी गेलो नाही.